सोन्याचा हप्ता

रायपूर शहराच्या जुन्या भागात सदर बाजार आहे. सराफांच्या पेढ्या येथे एकमेकींना खेटून उभ्या आहेत. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे छत्तीसगडी लोकांच्या 'अक्ती'ला, आणि धनत्रयोदशीला या रस्त्यातून चालणेही कठीण होते. अठराव्या शतकात हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला, तेव्हापासून मराठी कुटुंबे येथे राहत आली आहेत. मुलीच्या लग्नातील मंगळसूत्र आणि पाटल्या त्यांनीही याच बाजारातून नेल्या.

सोने एकरकमी घेणे मध्यम वर्गाला कधीच सोपे नव्हते. पूर्वी लोक सोनाराला विसार देत, दागिना बाजूला ठेवायला सांगत आणि सुगी झाली की उरलेली रक्कम चुकती करीत. अमेरिकेत हीच रीत मोठ्या दुकानांनी उचलली. 1930 च्या दशकातील महामंदीत हातात पैसा नसलेल्या गिऱ्हाइकासाठी वस्तू राखून ठेवायची, त्याने थोडेथोडे पैसे भरायचे आणि शेवटचा हप्ता दिल्यावर वस्तू घरी न्यायची, अशी ती पद्धत होती. कर्ज नाही, व्याज नाही. वॉलमार्ट या बलाढ्य दुकानसाखळीने 2006 मध्ये ही सोय बहुतांशी बंद केली, 2011 मध्ये नाताळच्या हंगामापुरती पुन्हा आणली आणि 2021 मध्ये ती काढून तिच्या जागी उधारीवर वस्तू देणारी योजना ठेवली. आधी पैसे आणि मग वस्तू हा क्रम उलटला. आता आधी वस्तू आणि मग कर्जफेड.

भारतातील सराफांनी विसाराला निराळे वळण दिले. ग्राहकाने दरमहा ठरावीक रक्कम अकरा महिने भरावी, बारावा हप्ता दुकानदाराने घालावा आणि जमलेल्या रकमेचा दागिना न्यावा, अशी योजना निघाली. मराठी घरांत तिला 'सोन्याची भिशी' म्हणतात. हाती एक छोटे पुस्तक, त्यात दर महिन्याचा शिक्का. पगार झाला की गृहिणी प्रथम हा हप्ता बाजूला काढी. नवऱ्याच्या नजरेआड केलेली ही बचत पुष्कळ स्त्रियांची एकमेव स्वतःची मालमत्ता होती, हे विसरता येत नाही.

मात्र येथे एक मोठा फरक होता. विसारात दागिना आधीच निवडलेला असे. भिशीत काहीच राखून ठेवलेले नसे. दुकानदाराकडे होता तो केवळ ग्राहकाचा पैसा. सोन्याचा भावही बहुधा शेवटच्या दिवसाचा लागे. वर्षभरात भाव चढला, तर बारावा हप्ता त्या चढाने गिळून टाकला असे होई.

मग दुकानदार एक पूर्ण हप्ता कसा काय देऊ शके? हिशेब करून पाहावा. दर महिन्याच्या आरंभी 1,000 रुपये भरले, तर पहिला हप्ता दुकानदाराकडे 11 महिने राहतो, दुसरा 10 महिने, आणि अखेरचा एक महिना. ही बेरीज 66 महिने होते. म्हणजे 1,000 रुपये साडेपाच वर्षे वापरल्यासारखेच. त्यावर 1,000 रुपये अधिक मिळाले, म्हणजे वर्षाला सुमारे 18 टक्के. एवढे व्याज कोणतीही बँक ठेवीवर देत नव्हती. दुकानदाराला त्याबदल्यात बिनतारणाचे भांडवल आणि परत येणारे गिऱ्हाईक मिळे, आणि घडणावळीतून बरेचसे वसूलही होई.

कायद्याने नेमके येथेच बोट ठेवले. 2013 चा कंपनी कायदा आणि त्याखालील ठेवींविषयीचे नियम 1 एप्रिल 2014 पासून लागू झाले. मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम 365 दिवसांत मालाच्या रूपाने चुकती झाली नाही, तर ती 'ठेव' ठरू लागली. आणि कंपनीने ठेवीवर द्यावयाच्या व्याजाला साडेबारा टक्क्यांची मर्यादा होती. अठरा टक्क्यांची भिशी या चौकटीत बसेना. टायटन कंपनीने आपल्या तनिष्क दुकानांतील 'गोल्डन हार्वेस्ट' योजनेत 2014 मध्ये नवे सभासद घेणे थांबवले. काही महिन्यांनी ती योजना परतली, पण मुदत कमी झाली आणि लाभही आटला. इतर मोठ्या सराफांनीही आपल्या योजना वर्षाच्या आत आणून बसवल्या.

हप्ता भरणाऱ्या बाईला हा बदल तोट्याचाच वाटला असणार. तिच्या पुस्तकातील बारावा शिक्का कोणीतरी पुसून टाकला होता. पण हे नियम केवळ कंपन्यांना होते. गल्लीतील एकट्या मालकाची पेढी त्यांच्या कक्षेबाहेर राहिली. 2019 च्या फेब्रुवारीत अध्यादेशाने आणि पुढे त्याच वर्षी कायद्याने अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी आली, ती मात्र पेढ्यांनाही लागू झाली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ठाणे-डोंबिवली भागात गुडविन ज्वेलर्स या सराफी साखळीची दुकाने अचानक बंद झाली. भिशी आणि मुदतठेवींत पैसे गुंतवलेले लोक कुलूपबंद दारासमोर जमले आणि तेथून पोलीस ठाण्यात गेले. दुकान बुडाले की हप्ता भरणारा ग्राहक सामान्य देणेकऱ्यांच्या रांगेत शेवटी उभा राहतो. त्याच्या नावाने तिजोरीत एकही दागिना नसतो.

सदर बाजारात हप्त्याच्या योजना आजही चालतात. पुस्तकाऐवजी आता पुष्कळदा मोबाइलवर संदेश येतो. योजना किती महिन्यांची, भाव कोणत्या दिवसाचा, घडणावळीत सूट किती आणि मध्येच हप्ता थांबला तर रोख परत मिळते की केवळ माल, हे चार प्रश्न काउंटरवर विचारणारी ग्राहक स्त्री तेथील विक्रेत्याला आता नवी नाही. उत्तरे तो तोंडी देतो. ती लेखी मागते.

शब्दार्थ
विसार – सौदा पक्का करण्यासाठी आगाऊ दिलेली रक्कम
घडणावळ – दागिना घडवण्याची मजुरी
बिनतारणाचे – काहीही गहाण न ठेवता मिळालेले

पाठगत प्रश्न
1. विसार आणि भिशी यांतील फरक आपल्या शब्दांत लिहा.
2. दरमहा 500 रुपयांच्या हप्त्यासाठी पाठातील हिशेब पुन्हा करा. टक्केवारी बदलते का?
3. 2014 च्या नियमांनी ग्राहक स्त्रीचे हित झाले की अहित? सकारण लिहा.