सांगली : कृष्णाकाठची बाजारपेठ

दक्षिण महाराष्ट्रातील शेतीसमृद्ध प्रदेशाचे व्यापारी केंद्र म्हणून सांगलीची ख्याती आहे. शहराची भरभराट कृष्णेच्या पाण्यावर झाली. त्याच नदीच्या महापुराला तोंड देण्याचा प्रश्नही आज या शहरापुढे उभा आहे.

इ. स. १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धन यांनी मिरजेपासून वेगळे होऊन सांगली येथे आपली राजधानी वसविली. कृष्णाकाठचे गणपती मंदिर हे त्या संस्थानी काळाचे स्मारक होय. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली येथेच 'सीतास्वयंवर' सादर केले आणि मराठी रंगभूमीचा पाया घातला. १९२९ मध्ये आयर्विन पूल बांधून झाला व पैलतीरीच्या गावांशी शहराचे दळणवळण सुलभ झाले. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निर्माण करण्यात आला. १९६० पासून तो सांगली या नावाने ओळखला जातो. सांगली, मिरज व कुपवाड या शहरांची मिळून १९९८ साली महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या पाच लाखांवर आहे.

हळद हे या पेठेचे वैभव. जिल्ह्यातील मालाबरोबरच मराठवाडा आणि कर्नाटक येथूनही हळद येथे विक्रीस येते. शेतातून काढलेली हळद शिजवून, वाळवून व पॉलिश करून बाजारात आणली जाते आणि सौद्यात तिचा भाव ठरतो. शहरालगतच्या हरिपूर गावी ती साठविण्याची एक जुनी पद्धत होती. तेथील घट्ट जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद भरीत व तोंड मातीने बंद करीत. हवा व ओल आत न शिरल्याने माल कीड न लागता दीर्घकाळ टिकत असे. भाव पडले असता हळद राखून ठेवण्याचा हा स्वस्त उपाय होता. परंतु २००५ च्या महापुरात अनेक पेवांत पाणी शिरले, हळद नासली आणि साठवणुकीचा भर गोदामांकडे वळला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ऊस, द्राक्षे व बेदाणा ही या भागाची इतर नगदी उत्पादने असून सहकारी साखर कारखानदारीने ग्रामीण अर्थव्यवस्थेला मोठा हातभार लावला आहे.

या जिल्ह्यातील पाण्याची स्थिती मात्र विषम आहे. कृष्णा व वारणा यांच्या काठचा पश्चिम भाग हिरवागार, तर जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हे पूर्वेकडील तालुके अवर्षणग्रस्त. ताकारी, म्हैसाळ व टेंभू या उपसा सिंचन योजनांद्वारे कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून दुष्काळी भागाकडे नेण्यात आले आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरची तहान भागविण्यात आली, ती याच नदीच्या बळावर.

हीच कृष्णा पावसाळ्यात उग्र रूप धारण करते. सह्याद्रीत अतिवृष्टी झाली, कोयना व वारणा यांचे पाणी एकाच वेळी आले, की सखल भागातील वस्त्या व बाजारपेठा जलमय होतात. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. हजारो कुटुंबांना घर सोडावे लागले, व्यापाऱ्यांचा माल भिजला, उभी पिके कुजली. २०२१ साली पुन्हा पूर आला.

अशा वेळी धरणांतील विसर्गाचे आंतरराज्य नियोजन व वेळेवर मिळणारी पूर्वसूचना यांचे महत्त्व मोठे आहे. तथापि पूररेषेच्या आत बांधकाम होऊ न देणे, ओढे-नाले मोकळे ठेवणे आणि गोदामे उंचावर हलविणे ही कामे शहरालाच करावयाची आहेत. त्यांत नागरिक, व्यापारी व नगरप्रशासन या तिघांचाही वाटा आहे. नदीला तिची जागा मोकळी राहिली, तरच तिच्या काठी फुललेली ही पेठ पुढील पिढ्यांसाठी सुरक्षित राहील.