सव्वा महिना थांबू नका

बेंगळुरूतल्या मराठी घरांत बाळ अपुऱ्या दिवसांचं झालं, की एनआयसीयूतून सुटताना डिस्चार्ज कार्डावर एक ओळ असते: आरओपी तपासणी, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणाऱ्या डोळ्याच्या पडद्याच्या आजाराची तपासणी, पुढे तारीख. ती तारीख नेमकी सव्वा महिन्याच्या आत पडते. ‘एवढ्याशा जिवाला घराबाहेर काढायचं नाही,’ असं आजी म्हणते, किंवा बाळंतीण बेळगावला माहेरी जाते, आणि तपासणी राहून जाते. ती का राहू नये, ते सांगते.

डोळ्याच्या पडद्यात, म्हणजे रेटिनात, गर्भाच्या सोळाव्या आठवड्यापासून रक्तवाहिन्या मधून कडेकडे पसरू लागतात. कानाकडच्या कडेला त्या पोचेपर्यंत जवळजवळ चाळिसावा आठवडा उजाडतो. जिथे रक्त पोचलेलं नसतं, तिथल्या पेशींना प्राणवायू कमी पडतो. प्राणवायू पुरेसा असताना पेशीतलं एचआयएफ हे प्रथिन सतत मोडलं जातं. कमी पडला की ते टिकतं आणि व्हीईजीएफ या वाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाचं जनुक चालू करतं. हे व्हीईजीएफ जवळच्या वाहिनीच्या टोकावरच्या पेशीला जाऊन चिकटतं आणि ती पेशी त्या दिशेला सरकू लागते. रक्त पोचलं की व्हीईजीएफ ओसरतं. पेशींना प्राणवायूची कमतरता कशी कळते, या शोधाला २०१९चं नोबेल मिळालं.

गर्भात प्राणवायू बेताचाच असतो. लवकर जन्मलेल्या बाळाला तो अचानक जास्त मिळतो. व्हीईजीएफ घटतं आणि वाहिन्या अर्ध्या वाटेत थांबतात. काही आठवड्यांनी पडद्याची गरज वाढते आणि उपाशी राहिलेला भाग व्हीईजीएफ भरमसाट सोडतो. मग फुटणाऱ्या वाहिन्या नाजूक, गळक्या असतात. त्या पडद्यावरून वर, डोळ्याच्या पोकळीत घुसतात. त्यांच्याबरोबर तयार झालेला व्रण आखडतो आणि पडदा ओढून सोडवतो. त्यानंतर नजर वाचवणं फार अवघड.

‘ऑक्सिजन दिला म्हणून झालं का?’ असं आया डोळ्यांत पाणी आणून विचारतात. तो दिला नसता तर बाळ कदाचित जगलं नसतं. पण तो गरजेपेक्षा जास्तही नको, म्हणून चांगल्या एनआयसीयूत त्याचं प्रमाण मोजूनमापून ठेवतात.

बाहेरून काही दिसत नाही. बाळ दूध पितं, वजन घेतं. बाहुली पांढरी दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. आपल्याकडचा नियम असा: जन्म ३४ आठवड्यांआधी किंवा वजन २००० ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर तिसाव्या दिवसाच्या आत पहिली तपासणी, २८ आठवड्यांआधी किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर दोन-तीन आठवड्यांतच. अमेरिकेतली १५०० ग्रॅमची मर्यादा नेटवर वाचून ‘आमचं तर सतराशेचं’ म्हणत निश्चिंत होऊ नका. आपल्याकडे त्याहून वजनदार बाळांनाही हा आजार होतो.

तपासणीआधी तासभर दूध देऊ नका. थेंब टाकून बाहुली मोठी करतात, पापण्या क्लिपने उघड्या धरतात. बाळ रडेल, पाहवत नाही, पण काही मिनिटांचंच काम आहे. वाहिन्या कडेला पोचेपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा यावं लागतं. उपचाराची वेळ आली तर दोन-तीन दिवसांत तो व्हावा: रक्त न पोचलेल्या भागावर लेझर, किंवा व्हीईजीएफ अडवणारं इंजेक्शन. इंजेक्शनाचा असर ओसरल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, आजार उलटू शकतो. म्हणून ‘डोळे आता बरे झाले’ असं आपणच ठरवून फेऱ्या बंद करू नयेत.

माहेर लांब असलं तरी अडत नाही. बेंगळुरूच्या नारायण नेत्रालयाने २००८मध्ये किडरॉप हा उपक्रम सुरू केला. त्यात प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन बेंगळुरूबाहेरच्या नवजात कक्षांत जातात आणि त्यांनी काढलेले पडद्याचे फोटो तज्ज्ञ दुरून तपासतात. गावाला निघण्याआधी तिथे आरओपीची तपासणी कुठे होते ते आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि पुढची तारीख कार्डावर लिहून घेतल्याशिवाय गाडीत बसू नका.