विहिरीपासून आठ मीटरांवर

2009 साली निवृत्त होऊन रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या मूळ गावी घर बांधावयास काढले, तेव्हा कौले, फरशी आणि देवघराचा कोनाडा यांच्या निवडीत आम्ही उभयतांनी जितके दिवस घालविले, तितके तासही मैलापाण्याच्या विचारात घालविले नाहीत. आणि या हयगयीची किंमत घरातील सर्वांत लहान माणसाने, माझ्या सहा वर्षांच्या नातवाने मोजली, म्हणून हा वृत्तान्त कोणताही आडपडदा न ठेवता लिहीत आहे.

मक्तेदाराने परसात दोन कप्प्यांची सेप्टिक टाकी बांधली आणि तिच्यातून निघणारे पाणी जिरविण्यासाठी शोषखड्डा खणला, तो विहिरीपासून अवघ्या आठ मीटरांवर. मी शंका काढताच गवंडी म्हणाला, "काका, जांभा आहे हा. कितीही पाणी सोडा, बघता बघता पिऊन टाकतो." त्याचे म्हणणे खरे होते, परंतु ज्या भेगांतून जांभा पाणी पितो, त्याच भेगांतून ते मातीत गाळले न जाता थेट विहिरीच्या झऱ्यांना जाऊन मिळते, हे आम्हां दोघांच्याही ध्यानी आले नाही. दुसऱ्या वर्षी गणपतीस आलेला नातू जुलाबांनी असा खचला की चार दिवस त्याला सलाईनवर ठेवावे लागले. विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासून घेतला, तर पिण्याच्या पाण्याच्या 100 मिलिलिटरांत ज्यांतला एकही असता कामा नये, ते विष्ठाजन्य जिवाणू त्यात आढळले. पाणी मात्र दिसावयास नितळ होते आणि त्यास कसलाही वास नव्हता.

टाकीत मैला जिरून जातो, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. ती निराधार आहे. जड भाग तळाशी बसतो, तेलतुपाची साय वर तरंगते, हवेवाचून जगणारे जिवाणू तळच्या गाळाचे काही अंशी पचन करतात आणि त्यातून उपजणारा वायू उंच नळीवाटे बाहेर जातो. परंतु मधल्या थरातून जे पाणी पुढे सरकते, त्याची घाण फार तर तिसऱ्या हिश्शाने किंवा निम्म्याने कमी झालेली असते आणि रोगजंतू बव्हंशी जिवंतच असतात. उरलेले शुद्धीकरण मातीने करावयाचे असते. म्हणूनच शोषखड्डा विहिरीपासून निदान 18 मीटर दूर असावा असा दंडक आहे. आणि कातळाच्या जागी तेवढ्यावरही विसंबू नये, असे माझे मत झाले आहे.

भीतीपोटी मी दुसरी चूक केली. एका विक्रेत्याच्या सल्ल्याने वीस माणसांसाठीचे तयार यंत्र बसविले. 1914 मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट या दोघा संशोधकांनी जी पद्धत जगापुढे मांडली, तिचेच तत्त्व या यंत्रात असते : पंप अहोरात्र हवा फुंकतो, त्या हवेवर जगणारे जिवाणू घाण खातात, पुढच्या कप्प्यात गाळ खाली बसतो आणि शेवटी क्लोरीन दिले जाते. या जिवाणूंना हवा आणि अन्न ही दोन्ही अखंड लागतात. आम्ही माणसे दोन, तेव्हा अन्न अपुरे. आणि आषाढातल्या वादळात वीज दोन दोन दिवस नसे, तेव्हा हवाही बंद. पाणी काळे पडून दुर्गंधी सुटली. दुरुस्तीसाठी आलेल्या कारागिराने ऐन जुलैत यंत्राची फायबरची टाकी रिकामी केली; भुईतले पाणी वर आलेले असल्यामुळे ती हलकी झालेली टाकी रात्रीतून नळ तोडून होडीसारखी उचलली गेली.

आज उतारावर, विहिरीपासून बरीच दूर, आडव्या भिंतींची काँक्रीटची टाकी आहे; त्या भिंतींमुळे पाण्याला प्रत्येक कप्प्यात तळच्या गाळातून वर चढावे लागते, तेथून ते कर्दळ लावलेल्या खडीच्या वाफ्यातून झिरपते आणि नारळांच्या आळ्यांना जाते. तिला वीज लागत नाही. पुण्यातील मोठ्या गृहसंकुलात, जेथे वीज खात्रीची आणि देखभालीस पगारी माणूस आहे, तेथे हवेचे यंत्रच योग्य. ज्या घराचे दार वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला उघडते, तेथे ते उपाशीच मरावयाचे.

म्हणून विक्रेत्याच्या पुस्तिकेआधी आपले घर मोजावे. माणशी रोजचे पाणी 135 लिटर धरतात आणि त्याचा सुमारे 80 टक्के भाग सांडपाणी होऊन परततो. पाच माणसांचे 540 लिटर झाले. पाहुण्यांचे दिवस वेगळे मांडावेत. भर पावसाळ्यात भुईतले पाणी किती वर येते, हे शेजारच्या विहिरीत डोकावून पाहावे. तीन वर्षांपूर्वी बसविलेल्या यंत्राचा पत्ता विक्रेत्याकडे मागावा आणि श्रावणात तेथे जाऊन झाकण उघडून पाहावे. पागोळ्यांचे पाणी टाकीत कदापि सोडू नये, आणि फिनेल व ॲसिड मोरीत हात आखडून वापरावे, कारण टाकीतले जिवाणू त्यानेच मरतात.

गाळ दोन-तीन वर्षांनी, तोही कोरड्या ऋतूत, उपसावाच लागतो. आणि येथेच माझ्याकडून शेवटची कसूर राहिली होती. नव्या टाकीची झाकणे मी अरुंद आणि अवघड कोपऱ्यात ठेवली. मार्चमध्ये उपसा करणारी गाडी आली, तेव्हा तिची नळी शेवटच्या कप्प्यापर्यंत पोहोचेना. सोबतचा विशीतला मुलगा सदरा काढीत म्हणाला, "काका, शिडी द्या, दोन मिनिटांचं काम आहे." टाकीतील विषारी वायूने माणूस एका श्वासात कोसळतो, आणि संरक्षक साधनांवाचून कोणास आत उतरविणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मला तोवर ठाऊक झाले होते. मी त्याचा दंड धरून त्याला मागे घेतले, गाडी परत पाठविली आणि दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावून प्रत्येक कप्प्यावर रुंद झाकण करून घेतले. आठवड्याने तोच मुलगा लांब नळी घेऊन आला, आणि काम वरूनच झाले.