दुधाच्या हिशोबाशेजारी चाळीस आठवडे

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचा हिशोब असतो. जादा दूध घेतलं तर त्या चौकोनात ‘२ लि.’, नको सांगितलं तर फुली. २०२४च्या ऑगस्टपासून त्याच चौकोनांत पेन्सिलीने आणखी एक हिशोब सुरू झाला : ‘७ पूर्ण’, ‘८ पूर्ण’, ‘९ पूर्ण’. फोनमध्ये दोन ॲप होती, उशाशी एक जाडजूड पुस्तक होतं, तरी भिंतीवर लिहिल्याशिवाय आठवडा संपल्यासारखा वाटायचा नाही. त्या मोजणीतलं कामाचं किती आणि उगाचचं किती, हे आता लेक भिंत धरून उभी राहायला लागल्यावर कळतंय.

१. पहिले दोन आठवडे फुकटात मिळतात

चाचणीवर दोन रेघा उमटल्या आणि ॲपने पाच आठवडे झाल्याचं जाहीर केलं. नवऱ्याने बोटांवर मोजलं आणि गोंधळून म्हणाला, “कसं शक्य आहे? दोनच होतात!” दोघंही बरोबर होते. गर्भधारणा नेमकी कधी झाली ते सांगता येत नाही, पाळीची तारीख मात्र आठवते. म्हणून मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून करतात. तिथून २८० दिवस, म्हणजे चाळीस आठवडे. एकोणिसाव्या शतकातले जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सोपा आहे : पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. माझी पाळी १३ जूनची, म्हणून तारीख आली २० मार्च. आजी आयुष्यभर ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणत आली. नेगेलेसाहेबांत आणि तिच्यात दोनच दिवसांचा फरक निघाला.

२. आधी तारीख पक्की करा, मग मोजा

तो नियम २८ दिवसांची पाळी धरून चालतो. माझी येते ३५ दिवसांनी. ८ ऑगस्टला पहिली सोनोग्राफी झाली. ॲपप्रमाणे आठ आठवडे पुरे झाले होते, पडद्यावरचा जीव मात्र सातच आठवड्यांचा दिसत होता. माझ्या पोटात गोळा आला. बाळ वाढत नाहीये का? डॉक्टरबाईंनी पाळीचं अंतर विचारलं आणि हसल्या. “अहो, बीजच आठवडाभर उशिरा बाहेर पडलंय. बाळ वेळेवर आहे, तुमचं ॲप घाईत आहे.” पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या लांबीवरून काढलेली तारीख सगळ्यांत भरवशाची असते. माझी ठरली २७ मार्च. त्या रात्री मी कालनिर्णयवरचे सगळे आकडे खोडरबराने खोडून पुन्हा लिहिले. आठवडाभर लहान झाल्यासारखं वाटलं!

३. तारखेची कामं तारखेलाच

अकरा आठवड्यांपासून तेरा आठवडे सहा दिवसांपर्यंत एक सोनोग्राफी करतात. तिच्यात बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजतात, आणि ते माप पुढे घेता येत नाही. आमच्याकडे आधी गणपती आले. मग सासूबाई म्हणाल्या, “आता सर्वपित्री होऊ दे, मग जा.” सर्वपित्री होती २ ऑक्टोबरला आणि माझी मुदत संपत होती २५ सप्टेंबरला. डॉक्टरबाईंनी एवढंच सांगितलं, “गणपती पुढच्या वर्षी परत येतील, हे पंधरा-वीस दिवस नाही येणार.” सासूबाई स्वतः बरोबर आल्या.

तसंच पुढचं. अठरा ते वीस आठवड्यांत बाळाचे अवयव नीट बघणारी सोनोग्राफी. साखरेची तपासणी पहिल्याच भेटीत आणि पुन्हा चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत : ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. १४० किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. आठवडे मोजण्याचा खरा उपयोग इथे आहे. कालनिर्णयवर या तीन-चार तारखांभोवती लाल गोल काढा, बाकीचे चौकोन दुधाला सोडा.

४. फळांच्या यादीत जीव गुंतवू नका

ॲप दर सोमवारी बाळाला एक फळ बनवायचं. सातव्या आठवड्यात ब्लूबेरी, आठव्यात रास्पबेरी, मग कसलातरी परदेशी सलगम. आई फोनवर भाषांतर करायची : “म्हणजे करवंद म्हण की!” बाराव्याला लिंबू आलं तेव्हा दोघींनाही बरं वाटलं. गंमत विसाव्या आठवड्यात झाली. त्याआधी लांबी होती पंधरा-सोळा सेंटिमीटर, आणि एकदम पंचवीस! बाळाने एका आठवड्यात एवढी उडी मारली म्हणून मी घरभर सांगून आले. नंतर कळलं, तोवर डोक्यापासून ढुंगणापर्यंत मोजत होते, आता डोक्यापासून टाचेपर्यंत मोजायला लागले. बाळ तेच होतं, मोजपट्टी सरकली होती.

त्याच सुमारास ॲपने विचारलं, ‘मुलगा की मुलगी?’ आपल्याकडे १९९४च्या कायद्याने गर्भलिंग सांगणं गुन्हा आहे, सोनोग्राफीच्या खोलीत तसा फलकच असतो. आमच्या आत्याबाईंना पोटाचा आकार पुरला. “पुढे आलंय, मुलगाच,” त्यांनी निकाल दिला. चुकला.

५. पहिली हालचाल वेळापत्रकाने होत नाही

पुस्तकात अठरा ते वीस आठवडे लिहिलं होतं. अठरा गेले, एकोणीस गेले, मी रोज रात्री पोटावर हात ठेवून पडून राहायची. काही नाही. सोनोग्राफीत कळलं की वार पुढच्या बाजूला आहे. वार मध्ये असली की गादीआडून टिचकी मारल्यासारखं होतं, उशिराच कळतं. एकविसावा संपताना रिक्षात बसले होते, खड्डा आला, आणि खड्डा गेल्यावरही पोटात काहीतरी उसळलं. मासोळी पाण्यात वळावी तसं. रिक्षावाल्याला म्हटलं, “दादा, जरा थांबवा.” तो घाबरला, मी हसत होते.

६. ॲपपेक्षा कार्ड बरं

माझी मावसबहीण तासगावजवळच्या गावात राहते. ती माझ्या तीन आठवडे पुढे होती. तिच्याकडे ॲप नव्हतं, होतं ते सरकारी माता-बाल संरक्षण कार्ड, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं. आशाताई घरी यायच्या, आणि महिन्याची ९ तारीख ती चुकवायची नाही, कारण २०१६पासून त्या दिवशी सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. कार्डावर चारच गोष्टी डोळ्यांत भरतात : वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि पोटाची उंची. चोवीस आठवड्यांनंतर साधारण जितके आठवडे, तितके सेंटिमीटर.

तिचं हिमोग्लोबिन ९.२ आलं, ते त्या कार्डानेच दाखवलं. ते भरून काढायला औषध सुरू झालं. तसं चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी प्रत्येकीलाच असते : रोज एक, १८० दिवस, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. चहाबरोबर नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाही, लिंबूपाण्याबरोबर चालेल. हे मला तिने सांगितलं. मी तोवर रोज चहाबरोबर घेत होते आणि ॲपवर सलगम बघत होते.

७. ठरलेली तारीख पुन्हा हलवायची नसते

चौतिसाव्या आठवड्याच्या अहवालात लिहून आलं : बत्तीस आठवडे चार दिवस. माझ्या हातापायांतलं त्राणच गेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “यंत्र आकारावरून आठवडे काढतं. आता बाळं आपापल्या घराण्यासारखी दिसायला लागतात, कोणी बारीक, कोणी जाड. शेवटी शेवटी दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होतात, तारीख पहिल्या सोनोग्राफीचीच.” वजनाचा अंदाजही दहा-पंधरा टक्के चुकतो. बघायचं ते बाळ आपल्याच रेषेवर वाढतंय का आणि त्याला रक्त नीट पोचतंय का, हे. दोन्ही ठीक होतं. घरी येऊन दोन वाट्या वरणभात खाल्ला.

८. काही गोष्टी मोजत बसायच्या नसतात

छत्तिसाव्या आठवड्यात एका रात्री पोट गप्प वाटलं. मी अंधारात फोन घेऊन ‘छत्तिसाव्या आठवड्यात किती हालचाल’ शोधत बसले. एक तास. दुसरा तास. आई मदतीला येऊन राहिली होती. ती उठली, फोनचा उजेड बघितला आणि म्हणाली, “अगं, त्याला काय विचारतेस? तुझं पोर काय त्याच्या पोटात आहे? दवाखान्यात फोन लाव.” रात्री दोन वाजता पट्टा बांधून ठोके तपासले, सगळं ठीक होतं. ड्युटीवरच्या नर्सताई म्हणाल्या, “शंभर वेळा या, पण दोन तास थांबू नका.”

हालचाल कमी वाटली, रक्त गेलं, पाणी गेलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे काजवे आले, चेहरा-हात एकाएकी सुजले, तर कितवा आठवडा चाललाय ते बघत बसू नका. चप्पल घाला आणि निघा.

९. तारीख बाळाला कोणी सांगितलेली नसते

२० मार्चला ॲपने अभिनंदन केलं. २२ला आजीचे नऊ महिने नऊ दिवस भरले. २७ला डॉक्टरांची तारीख होती. शंभरातली चार-पाचच बाळं नेमक्या तारखेला येतात हे पाठ असूनही मी पहाटे पाचला पिशवी दाराशी आणून ठेवली. मग सगळ्यांनी ३० तारखेचा पाडवा धरला, साडेतीन मुहूर्तांतला एक! नवऱ्याने गुढी उभारली, उतरवली, साखरेची गाठी मीच खाल्ली. रोज फोन यायचे, “काय गं, अजून नाही?” शेवटी मी फोन उचलायचं काम आईकडे दिलं.

ती आली २ एप्रिलला, चाळीस आठवडे सहा दिवसांनी, कुठल्याही मुहूर्ताशिवाय. वजन दोन किलो नऊशे.

परवा जुनं कालनिर्णय रद्दीत टाकण्याआधी चाळलं. मार्चच्या पानावर पेन्सिलीची नुसती गर्दी आहे. एप्रिलच्या पानावर २ तारखेचा चौकोन कोरा. आठवडा लिहायचा राहिला आणि दुधाचा हिशोबही.