गुडघ्याला बसवून ठेवू नका

एक्स-रेमध्ये ‘झीज’ दिसली की आपल्याकडे सगळ्यांचा सल्ला एकच असतो: आता जपा, जिने टाळा, फार चालू नका. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा माझ्या दोन्ही गुडघ्यांचं हेच निदान झालं. धाकट्या जावेला त्याच्या आधीपासून आमवात. एकाच घरात दोन तऱ्हेचे संधिवात असल्यामुळे व्यायामाबद्दल जे कळत गेलं, ते इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, पण दुखणं म्हणजे काय ते जाणते.

१. नुसत्या विश्रांतीने सांधा वाचत नाही

हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं. पाऊल टेकलं की ती दाबली जाते, उचललं की सैल होते आणि स्पंजासारखा तो द्रव शोषून घेते. हालचाल थांबली की हे येणं-जाणंही मंदावतं. शिवाय मांडीचे स्नायू वाळतात आणि पावलागणिक बसणारा हादरा झेलायला कुणी उरत नाही. ‘वापरला तर आणखी झिजेल’ या धास्तीने देवळात जाणं, भाजी आणणं, मैत्रिणीकडे जाणं सोडून दिलेल्या बायका मी जवळून पाहिल्या आहेत. गुडघ्यापेक्षा जास्त त्यांचं जगणं आखडलं. फार वाईट वाटतं, कारण हे बरंचसं टाळता येतं.

२. आधी मांडी, मग गुडघा

आम्हाला व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने पहिल्याच भेटीत मला पलंगावर पाय पसरून बसवलं आणि टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली सरकवली. ‘काकू, आता टॉवेल खाली दाबा. पाय उचलायचा नाही, फक्त दाबायचं.’ दाबल्याबरोबर मांडीचा पुढचा स्नायू टणक होतो, गुडघ्याची वाटी किंचित वर सरकते. हात ठेवला तर ते हाताला लागतं. पाच आकडे म्हणेपर्यंत धरायचं, सोडायचं, असं दहादा. श्वास मात्र कोंडायचा नाही. रक्तदाब असलेल्यांनी तर मुळीच नाही. आकडे मोठ्याने म्हटले की श्वास आपोआप चालू राहतो.

हे सवयीचं झालं की उताणं झोपून एक गुडघा दुमडायचा आणि दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर, फार तर फूटभर उचलायचा. त्यानंतरचा व्यायाम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: खुर्चीवरून उठणं आणि बसणं. खुर्ची भिंतीला टेकवलेली हवी, न हलणारी. पावलं जरा मागे घ्यायची, अंग पुढे झुकवायचं, मग उठायचं. बसताना धपकन बसायचं नाही, सावकाश उतरायचं. खरी मेहनत त्या उतरण्यातच होते. सुरुवातीला उंच खुर्ची घ्या किंवा बैठकीवर उशी ठेवा, हातांचा आधार घ्या. ताकद येईल तशी उशी काढा. संडासातून, रिक्षातून, पलंगावरून उठणं याच व्यायामाने सोपं होतं.

३. दुखणं मोजायला शिका

व्यायाम करताना थोडं दुखणं म्हणजे सांध्याचं नुकसान नव्हे. पहिले काही आठवडे दुखणं किंचित वाढूही शकतं, आणि नेमके तिथेच बरेच जण व्यायाम सोडतात. आम्हाला सांगितलेला नियम साधा आहे: व्यायामाने वाढलेलं दुखणं दोन तासांत पूर्वीच्या पातळीवर आलं पाहिजे. त्याहून लांबलं किंवा दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, तर पुढच्या वेळी व्यायाम कमी करायचा. कमी, बंद नाही.

४. आमवाताची तऱ्हा निराळी

माझ्या दुखण्यात झीज, तर जावेच्या दुखण्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटलेली. तिची बोटं सकाळी तासन्‌तास आखडलेली असतात. ‘ताई, दुधाची पिशवी कापायला कात्री धरवत नाही,’ असं ती म्हणते तेव्हा तिला व्यायामाचा आग्रह करण्यात अर्थ नसतो. ती कोमट पाण्यात हात बुडवून बसते. मग सावकाश मूठ मिटते, उघडते, अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावते. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल त्या दिवसांत वजन किंवा ताण अजिबात नाही, फक्त अशी हलकी हालचाल. सूज ओसरली की पुन्हा चालणं आणि ताकदीचे व्यायाम. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते: व्यायामाने बरं वाटू लागलं म्हणून आमवाताच्या गोळ्या मनाने सोडू नका. व्यायाम स्नायू राखतो. सांध्याची आतली हानी रोखायला औषधच लागतं.

५. पोहता येत नसलं तरी पाण्यात उतरा

कमरेइतक्या पाण्यात शरीराचं साधारण निम्मं वजन पायांवर येतं, छातीइतक्या पाण्यात त्याहूनही कमी. तलावाच्या उथळ बाजूला कठडा धरून पुढे, मागे, आडवं चालायचं. जमिनीवर जे पाय बिचकतात ते पाण्यात मोकळे होतात. पोहणाऱ्यांनी बेडकासारखे पाय मारणं टाळावं. त्यात गुडघ्याला पीळ बसतो.

६. चालणं सपाटीवर, तुकड्यातुकड्याने

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. ती एकदम भरायची नसतात. सकाळी दहा, संध्याकाळी दहा मिनिटांनीही सुरुवात होते. टेकडी चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्याला जड जातं. जिन्यावर चढताना आधी बरा पाय, उतरताना आधी दुखरा. काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरायची. सिनेमात कधीकधी उलटं दाखवतात.

७. मांडी घालण्याचा हट्ट नको

सत्यनारायणाला पाटावर बसता येत नाही म्हणून पूजेला न जाणारी माणसं आहेत. खुर्ची मागून घ्यावी, देवाला काही फरक पडत नाही. दुखऱ्या गुडघ्यांवर वज्रासनही रेटू नये. योग सोडावा लागतो असं मात्र नाही. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, दोर, पट्टे, लाकडी ठोकळे वापरून आसनं शरीराला मानवतील अशी करून दिली. जाणकार शिक्षकाकडे ती शिकता येतात.

८. वजन

एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. मला एवढा हिशेब पुरला.

९. घरच्यांसाठी

गुडघा अचानक सुजला, ताप आला, पडल्यावर पाय टेकवेना किंवा सांधा अडकून बसला, तर व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टरांकडे न्या. एरवी मात्र आईच्या हातातून प्रत्येक काम काढून घेऊ नका. ‘तू बस, मी करते’ यात माया असते हे मला ठाऊक आहे, पण त्या मायेने स्नायू वाळतात. तिच्यासाठी उंच खुर्ची आणा, न्हाणीघरात धरायला दांडी बसवा, कमोड करून घ्या, आणि संध्याकाळी दहा मिनिटं तिच्या चालीने तिच्याबरोबर चाला.