फडाची वाट : तमाशाचा जुना दौरा पुन्हा शोधताना



सहावीच्या इतिहासात ‘इतिहासाची साधने’ शिकवताना भौतिक आणि लिखित साधनं मुलांना लगेच कळतात. नाणं हातात धरता येतं, ताम्रपटाचं चित्र दाखवता येतं. मौखिक साधन आलं की वर्ग थंड होतो. ओव्या, लोकगीतं, लोककथा ही उदाहरणं मुलं पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. पण ‘बोलण्यातून इतिहास कसा काढायचा?’ असं विचारलं की गप्प. म्हणून आज एक वेगळा विषय घेतोय. शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या कुठल्याही गावात हा पाठ चालेल, कारण याची साधनं पारावर बसलेली आहेत.

विषय आहे तमाशाच्या फडाचा जुना दौरा. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी फडामागे गावोगाव फिरलेले शौकीन आज सत्तरी-ऐंशीत आहेत. चार जण एकत्र बसले की तो दौरा पुन्हा सुरू होतो. कुठल्या यात्रेत कोणता फड होता, वग कोणता लावला, सोंगाड्या काय बोलला, ढोलकीवाल्याने काय वाजवलं. या गप्पा नीट ऐकल्या तर तो एक धडाच आहे.

आधी एक लांबचं उदाहरण सांगतो. अमेरिकेत १९६५ साली ग्रेटफुल डेड नावाचा वाद्यवृंद सुरू झाला. अशा वाद्यवृंदाला तिकडे जॅम बँड म्हणतात. म्हणजे गाणं ठरलेलं, पण ते वाजवताना मध्येच वाट सोडायची, एकमेकांचा अंदाज घेत वाढवत न्यायचं आणि पुन्हा मूळ गाण्यावर यायचं. त्यामुळे एका रात्रीसारखी दुसरी रात्र नसायची. चाहते मग एकच कार्यक्रम बघून थांबत नसत, गावामागून गाव त्यांच्या मागे फिरत. त्यांना डेडहेड असं नावच पडलं. हे लोक टेपरेकॉर्डर घेऊन जायचे आणि बँडने त्यांना अडवलं नाही. उलट १९८४ पासून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी वेगळी जागा राखून ठेवायला सुरुवात केली. १९७२ साली हा बँड युरोपच्या दौऱ्यावर गेला होता. त्या दौऱ्याचे सगळेच्या सगळे २२ कार्यक्रम २०११ मध्ये ७३ सीडींच्या संचात निघाले. मुख्य कलावंत जेरी गार्सिया १९९५ मध्ये वारला, तरी आज कुणाही चाहत्याला तो दौरा पहिल्या रात्रीपासून शेवटच्या रात्रीपर्यंत घरबसल्या फिरता येतो. ८ मे १९७७ च्या त्यांच्या एका रात्रीचं ध्वनिमुद्रण तर अमेरिकेच्या संसद ग्रंथालयाने राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदवून घेतलं आहे.

त्याच १९७२ मध्ये आपल्याकडे पावसाने पाठ फिरवली. आणि त्याच वर्षी आपलेही फड रात्रीमागून रात्र खेळ करत फिरत होते. पण त्या फिरण्याचे ७३ सोडा, एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही पुरावे गावात मिळत नाहीत. जे आहे ते डोक्यात.

तमाशात काय हरवतं हे समजायला त्याची रचना मुलांना थोडक्यात सांगावी लागते. सुरुवातीला गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गवळण, त्यात कृष्ण, पेंद्या, मावशी. मग बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे गोष्ट. वगाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते, त्यामुळे वग कागदावर असतो. बतावणीचं तसं नाही. सोंगाड्या त्या गावचा पाटील, त्या गावचा बंद पडलेला हातपंप, समोर पहिल्या रांगेत पागोटं बांधून बसलेला म्हातारा, असं जे दिसेल ते उचलतो आणि जागेवर विनोद करतो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात तो विनोद चालत नाही, कारण हातपंपच वेगळा. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांचा ‘जहरी प्याला’ हा वग लोकांनी पुन्हापुन्हा पाहिला. गोष्ट तर पहिल्या रात्रीच कळलेली असायची. लोक पुन्हा जायचे ते आज ही जोडी काय नवीन काढते हे बघायला. मला तरी अमेरिकेचे ते डेडहेड आणि आपले फडामागे फिरणारे यांच्यात टेपरेकॉर्डर सोडला तर फरक दिसत नाही.

(आपल्या भागात तमाशा म्हटलं की काही मुलं चटकन चौफुल्याचं नाव घेतात. तिथे समजावून सांगा. चौफुल्याच्या कला केंद्रांत चालते ती संगीत बारी, ती एका जागी असते आणि लोक तिच्याकडे जातात. आपण बोलतोय तो ढोलकी फडाचा तमाशा, जो लोकांकडे येतो. फरक महत्त्वाचा आहे, कारण दौरा फक्त दुसऱ्याला असतो.)

आता मुख्य काम. दौरा परत कसा शोधायचा?

आजोबांना ‘कोणत्या साली?’ असं विचारलं की उत्तर येत नाही. आलं तरी धरू नका. पण ‘कोणाच्या यात्रेला?’ असं विचारलं की उत्तर तयार असतं. फडाचा दौरा इंग्रजी तारखांवर चालत नव्हता, तो तिथीवर चालत होता. दसऱ्याला फड बाहेर पडायचे आणि वैशाखापर्यंत फिरायचे. दिवाळीनंतर कनाती लावून तिकिटावर खेळ, आणि चैत्र लागला की गावच्या यात्रांच्या सुपाऱ्या. नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गुढीपाडव्याच्या सुमारास गावोगावचे पंच तिथे जातात, घासाघीस करून फड ठरवतात, त्याला सुपारी म्हणतात. गावचा देव बदलत नाही, देवाची तिथी बदलत नाही. म्हणून यात्रांचा क्रमही बदलत नाही. अष्टमीची यात्रा पौर्णिमेच्या यात्रेआधी चाळीस वर्षांपूर्वीही होती, आजही आहे. याचा अर्थ, आजोबांनी पाच गावांच्या यात्रा सांगितल्या की त्या पाच रात्रींचा क्रम आपोआप लागतो.

इथे गणिताचा तास जोडून घ्या. चैत्र पौर्णिमा २०२३ मध्ये ६ एप्रिलला होती, २०२४ मध्ये २३ एप्रिलला, २०२५ मध्ये १२ एप्रिलला. मुलांना विचारा, असं का? चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून दरवर्षी तिथी ११ दिवस मागे येते. २३ वरून १२ बरोबर बसलं. मग ६ वरून २३ कशी झाली? मधे २०२३ ला अधिक श्रावण आला होता. माझ्या वर्गात या प्रश्नावर अर्धा तास गेला आणि घरून तीन कालनिर्णय आली.

साल काढायचं असेल तर मोठ्या घटनेला बांधायचं. ‘दुष्काळात सुकडी मिळायची तेव्हा का?’ ‘इंदिरा गांधी गेल्या त्याच्या आधी की नंतर?’ ‘तुमच्या लग्नाआधी?’ हे शेवटचं सगळ्यात पक्कं निघतं. मग जुनी लग्नपत्रिका शोधायची, की मौखिकाला लिखिताची जोड मिळाली. लिखित आणखीही सापडतं. यात्रेचं हँडबिल कुणाच्या तरी पोथीत घडी घालून असतं. त्यावर ‘सकाळी हजेऱ्या, दुपारी कुस्त्यांचा आखाडा, रात्री लोकनाट्य तमाशा’ असा कार्यक्रम आणि फडमालकाचं नाव असतं. यात्रा कमिटीची वर्गणीची वही मिळाली तर सोनंच, कारण सुपारीचा आकडा तिथे लिहिलेला असतो. पाचवी-सहावीच्या मुलांनी हे शोधून काढायला काहीच हरकत नाही, गावात त्यांना कोणी नाही म्हणत नाही.

मग नकाशा. तालुक्याचा कोरा नकाशा घ्या. नारायणगाव वरच्या बाजूला. खाली शिरूर तालुक्यातली गावं, न्हावऱ्यावरून पुढे भीमा ओलांडली की दौंड तालुका, पारगाव, केडगाव, चौफुला, मग सोलापूर रस्त्याला वरवंड, पाटस, कुरकुंभ. ज्या गावाची आठवण मिळाली तिथे टिंब, शेजारी तिथी, आणि टिंबं तिथीच्या क्रमाने जोडायची. रेघ कधी कधी विचित्र निघते, पुढे जाऊन पुन्हा मागे येते. मुलं म्हणतात चुकलं. चुकलेलं नसतं. फड जवळचं गाव बघून जात नव्हता, तिथी बघून जात होता. शंभराच्या आसपास माणसं, सामानाचे ट्रक, रात्रभर खेळ, सकाळी हजेरी, आणि पुन्हा पंचवीस-तीस मैल. झोप ट्रकमध्ये.

गप्पा ऐकताना एक गंमत हमखास होते. दोन आजोबा एकाच रात्रीबद्दल वेगवेगळं सांगतात. एक म्हणतो सोंगाड्याने सरपंचावर विनोद केला, दुसरा म्हणतो फौजदारावर. मुलं लगेच ‘कोण खोटं बोलतंय?’ असं विचारतात. इथे घाई करू नका. एकाने रात्रीचा खेळ पाहिला असेल, दुसऱ्याने सकाळची हजेरी. किंवा दोन वर्षांच्या दोन यात्रा एकमेकांत मिसळल्या असतील. आठवण खोटी नसतानाही चुकू शकते, आणि वेगळी असूनही खरी असू शकते. दोन्ही नोंदी वहीत राहू द्या, तिसरा माणूस शोधा. मौखिक साधन तपासणं म्हणजे नेमकं हेच, आणि हे पुस्तकातल्या व्याख्येतून येत नाही.

आजींनाही विचारायचंच. बहुतेक गावांत बायका तमाशाला बसत नसत. पण माळवदावरून, अंगणातून आवाज ऐकू यायचा. एका मुलीने लिहून आणलं की आजीने तमाशा कधी पाहिला नाही, पण ढोलकी वाजली की आता गण सुरू झाला, आता वग लागला, हे तिला स्वयंपाकघरातून कळायचं. दौऱ्याची ही दुसरी बाजू शौकिनांच्या गप्पांत कधी येत नाही.

आणि तिसरी बाजू कलावंतांची. मला वाटतं पाठ इथेच खरा होतो. शौकिनांच्या आठवणीत दौरा म्हणजे मौज. पेट्रोमॅक्सचा उजेड, शिट्ट्या, फेटे उडवणं. फडात उभं राहणाऱ्या माणसांना त्याच रात्री कशा होत्या? बहुतेक कलावंत गावकुसाबाहेर ठेवलेल्या जातींतले. गावाने रात्री टाळ्या द्यायच्या आणि सकाळी पाण्याला लांब उभं करायचं, असं अनेकांनी सोसलं आहे. पावसाळ्यात कामं बंद, म्हणून मालकाकडून उचल घ्यायची आणि ती फेडायला पुन्हा पुढचा दौरा करायचा. नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना दोनदा राष्ट्रपती पदक मिळालं. भर खेळात त्यांना कळा सुरू झाल्या, पडद्यामागे बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रभर सांगतात. शौकीन ती अभिमानाने सांगतात. मुलांना मी फक्त एवढंच विचारलं, ‘त्या रात्री त्यांना सुट्टी का मिळाली नाही?’ वर्गात कोणी बोललं नाही थोडा वेळ. विठाबाई २००२ मध्ये गेल्या, शेवटची वर्षं हलाखीत काढून. २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं.

आपल्या शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे बशीर मोमीन कवठेकर यांनाही तो पुरस्कार मिळाला. फडांसाठी गण, गवळणी, लावण्या, वग लिहिणारा हा माणूस. गाणं फडाच्या नावावर गाजतं, लिहिणारा मागे राहतो, त्यामुळे मुलांना त्यांचं नाव माहीत नव्हतं. तालुक्याच्या माणसाचं नाव तरी वहीत यायला हवं. २०२१ मध्ये ते गेले. त्याच वर्षी कांताबाई सातारकरही गेल्या.

काही पालक विचारतात, ‘सर, शाळेत तमाशा कशाला?’ त्यांचा राग मी समजू शकतो, त्यांच्या मनात अलीकडचे मोबाइलवरचे व्हिडिओ असतात. त्यांना मुलांच्या वह्या दाखवाव्यात. तिथी, नकाशा, साल, दोन साक्षींची तुलना. इतिहास, भूगोल, गणित तिन्ही आहे त्यात.

वेळेचं मात्र सांगतो. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि देशात टाळेबंदीचा पहिला दिवस तोच. राहुट्यांत सुपारी घ्यायची ती वेळ, आणि गावंच बंद. पुढचा चैत्रही तसाच गेला. त्या दोन वर्षांत फडांचं तर मोडलंच, पण पारावरची कितीतरी माणसंही गेली. ज्या गावात मी हा उपक्रम पहिल्यांदा घेतला तिथे सांगणारे सात जण होते, आता तीन आहेत.

म्हणून फाल्गुनात सुरुवात करा, यात्रेच्या आधी. तेव्हा वर्गणी फिरत असते, जुनी वही बाहेर निघालेली असते आणि यंदा कोणता फड आणायचा यावर पारावर भांडण चालू असतं. मोबाइलवर आवाज टिपून घ्या, पण आधी आजोबांची परवानगी मागा. प्रत्येक फाइलला गाव, यात्रेची तिथी आणि अंदाजे साल अशी नावं द्या. पहिला प्रश्न सोपा ठेवा : ‘आजोबा, फड गावात शिरला की सगळ्यात आधी काय दिसायचं?’