रिपोर्ट नॉर्मल, तरी पोटरी फडफडतेच

(जनरल प्रॅक्टिसमधून निवृत्त झालेली डॉक्टर आत्या आणि हिंजवडीत नोकरी करणारा, तिशीतला भाचा यांच्यातलं हे बोलणं.)

भाचा : आत्या, सरळच विचारतो. माझी पोटरी फडफडते. रात्री आडवं झालं की जास्तच. न्यूरॉलॉजिस्टनी तपासलं, ईएमजी म्हणजे स्नायूंची विद्युत तपासणी झाली, सगळं नॉर्मल. ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ म्हणाले. काही नाही, तर मग फडफडतंय ते काय?

आत्या : फडफडतंय ते खरंच आहे. ‘घातक काही नाही’ असं त्यांना म्हणायचं होतं. घाईत पहिला शब्द गळतो आणि पेशंटला वाटतं, आपल्याला खोटं ठरवलं. बरं, तुझा डोळा लवतो कधी?

भाचा : लवतो की. आजी म्हणायची, पुरुषाचा उजवा लवला की शुभ.

आत्या : पापणी लवणं आणि पोटरी फडफडणं बहुतेक वेळा एकाच जातीचं असतं. स्नायूकडे जाणारी एखादी नस मेंदूच्या हुकमाशिवाय संदेश सोडते आणि तिच्या ताब्यातले तेवढे तंतू आकसतात. जागरण, दमणूक, चहा-कॉफी, ताण यांनी ते वाढतं. पापणीला आजीनं शकुन जोडून दिलाय म्हणून तिथं तू निर्धास्त असतोस. पोटरीला तू काय जोडलंस?

भाचा : एएलएस. स्टीफन हॉकिंगना होता तो.

आत्या : वाटलंच. त्या आजारातही फडफड असते, नाकारत नाही. पण तिथं ताकद जाते. शर्टाचं बटण लावता येत नाही, पाऊल उचलत नाही, चालताना चप्पल पायातून निसटते. तुझी ताकद डॉक्टरांनी तपासली, ईएमजीही ठीक आली. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी १९९३ साली अशाच निरुपद्रवी फडफडीच्या १२१ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. काहींवर तर तीस वर्षांहून जास्त काळ लक्ष ठेवलं होतं. एकालाही एएलएस झाला नाही.

भाचा : हे ऐकून फार बरं वाटलं.

आत्या : किती वेळ टिकेल?

भाचा : खरं सांगू? रात्रीपर्यंत. मग वाटेल, माझी फडफड त्या १२१ जणांसारखीच कशावरून?

आत्या : बघ, म्हणून आकडे सांगताना माझा हात जरा आखडतो. पॉल साल्कोव्स्किस आणि हिलरी वॉर्विक या दोघांनी १९८६ मध्ये याच गोष्टीवर बोट ठेवलं. आजाराची भीती घेतलेल्या माणसाला ‘काही नाही हो’ असा दिलासा दिला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, थोड्या वेळानं शंका परत येते आणि मग पुन्हा दिलासा लागतो. डास चावलेल्या जागी खाजवावं तसं. तू कुठं कुठं खाजवतोस?

भाचा : टाचा उचलून चवड्यांवर उभा राहतो, ताकद आहे ना बघायला. दात घासताना, लिफ्टची वाट बघताना. मोबाइलवर पोटरीचा व्हिडिओ काढून ठेवतो. आणि... हसू नकोस हां, बायकोला टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजायला लावतो. एक बारीक तर होत नाहीये ना.

आत्या : मग? होतेय बारीक?

भाचा : कधी अर्धा सेंटीमीटर फरक येतो. मग परत मोजायचं.

आत्या : शिंप्याची टेप दोन बोटं वर धरली तरी तेवढा फरक पडतो. शिवाय दोन्ही पाय तंतोतंत सारखे फार थोड्यांचे असतात. पण त्याहून मजेची गोष्ट सांगते. दिवसभर टाचा उचलल्यास की पोटरी दमते, आणि दमलेला स्नायू जास्त फडफडतो. म्हणजे तपासण्यातूनच तू लक्षण पिकवतोयस. मानेतली गाठ सारखी चाचपणाऱ्यांचंही तेच. दाबून दाबून ती जागा दुखायला लागते, मग ‘आता दुखायलाही लागली’ म्हणून माणूस धावत येतो.

भाचा : परवा मीटिंगमध्ये ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या आल्या. म्हटलं, झालं, आता वर चढलं.

आत्या : त्या आधी काय मनात आलं होतं?

भाचा : पाय फडफडला होता, त्याचाच विचार चालू होता.

आत्या : मग ऐक. भीतीनं श्वास भरभर चालतो. कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, रक्त जरासं अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि नसा उतावीळ होतात. ओठ आणि बोटं मुंगावतात, कधी बोटं वाकडीही होतात. श्वास सावकाश झाला की उतरतं. भीती मनात सुरू झाली, पण मुंग्या रक्तातल्या बदलानं आल्या. म्हणून ‘मनाचे खेळ’ हा शब्द मला आवडत नाही.

भाचा : तरी एकदा फुल बॉडी चेकअप करून टाकतो. ऑफर चालू आहे, सत्तर-ऐंशी टेस्ट. एकदाच काय तो निकाल लागेल.

आत्या : निकाल लागणार नाही, नवी फाइल उघडेल. बहुतेक चाचण्यांची ‘नॉर्मल’ मर्यादा कशी ठरते माहितेय? निरोगी लोकांपैकी मधले ९५ टक्के आत राहतील अशी. म्हणजे धडधाकट माणसाचाही एखादा आकडा बाहेर पडायची शक्यता विसात एक. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्यास, तर निदान एक तरी बाहेर पडायची शक्यता ६४ टक्के होते.

भाचा : आणि तो आकडा ठळक अक्षरात छापतात!

आत्या : बाजूला लाल बाण. तू इतर सगळे आकडे सोडून तेवढाच वाचणार. एमआरआयचंही तसंच आहे. काहीही दुखत नसलेल्या लोकांच्या मणक्यांच्या तपासण्या एकत्र पाहणारा एक आढावा २०१५ साली आला. विशीतल्याही सुमारे ३० टक्के लोकांत डिस्क फुगलेली होती, ऐंशीच्या घरात ८४ टक्के लोकांत. कंबर न दुखणाऱ्याच्या हातात तो कागद दिला की त्याची कंबर दुखू लागते, हे मी दवाखान्यात पाहिलंय.

भाचा : म्हणजे तपासूच नये? आणि खरंच काही असलं तर?

आत्या : असं मी अजिबात म्हणत नाही. छातीत दडपण, दम लागणं, अचानक एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं यात तासभरही घालवू नये. कारण नसताना वजन घटणं, शौचातून किंवा थुंकीतून रक्त, वाढत जाणारी गाठ, न हटणारा ताप यातही दिवस काढू नयेत. आणि आमच्या धंद्याचाही दोष आहे. ‘मानसिक आहे’ असा शिक्का मारून वर्षानुवर्षं परत पाठवलेल्या बायकांना शेवटी एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढण्याचा आजार, निघतो. म्हणून आधी नीट तपासणी, आणि मगच पुढचं बोलणं. तुझी ती झालीय.

भाचा : मग आता मी करू काय?

आत्या : टेप बायकोकडून काढून घे. नुसती कपाटात ठेवू नकोस, शिंप्याला देऊन टाक. ‘काही होणार नाही ना?’ असं तू विचारलंस तर तिनं उत्तर द्यायचं नाही, हे दोघांनी आधीच ठरवा. पहिले काही दिवस जीव कासावीस होईल. होऊ दे. शंका आली तरी तपासलं नाही आणि तरी ती आपोआप ओसरली, हे शरीराला एकदा तरी अनुभवू दे. सीबीटी नावाच्या उपचारात हेच पद्धतशीर शिकवतात. ब्रिटनमध्ये आजाराची अशीच भीती असलेल्या ४४४ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. खास प्रशिक्षण दिलेल्या नर्सनीही ती थेरपी दिली आणि फायदा पाच वर्षांनंतरही टिकून होता. काहींना सोबत गोळ्या लागतात. त्यातही लाजण्यासारखं काही नाही.

भाचा : आणि फडफड?

आत्या : ती कदाचित राहील. कमी-जास्त होत महिनोन्‌महिने चालते. ती थांबेपर्यंत आयुष्य थांबवून ठेवायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे.

भाचा : आणि डॉक्टर? एक सोडून चार झालेत.

आत्या : त्यातला एक ठेव. भेट लक्षणावर घ्यायची नाही, तारखेवर घ्यायची. दर सहा-आठ आठवड्यांनी, फडफडलं तरी जायचं आणि नाही फडफडलं तरी जायचं. मधे काही नवं वाटलं तर वहीत लिही, पुढच्या तारखेला सांग. मघाशी सांगितलेल्या तातडीच्या गोष्टी तेवढ्या अपवाद. आणि रात्री दोन वाजता नेट उघडायची हुक्की आली तर त्याऐवजी टेली-मानसला फोन लाव. १४४१६. मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं.